किनाऱ्याला न लागलेले तेल

समुद्रात सांडलेल्या तेलाशी दिलेली झुंज ही आधी वेळेशी असते आणि मग तेलाशी. टाकी फुटून कच्चे तेल पाण्यावर आले की पहिल्या काही तासांतच ते पसरते, पातळ होते. तेल हलक्या जातीचे असेल तर त्याचा मोठा वाटा एक-दोन दिवसांत वाफ होऊन उडून जातो. मागे उरलेला जड, चिकट भाग लाटांच्या माऱ्याने घुसळला जातो, पाणी शोषून घेतो आणि लोण्यासारखा दाट, तपकिरी लगदा बनतो. या लगद्याचे आकारमान मूळ तेलाच्या तिप्पट-चौपटही भरते. ताजे तेल सहज ओढणारे पंप त्याच्यापुढे अडून बसतात, फवारलेले रसायन त्यात शिरत नाही, आणि जाळू म्हटले तर तो पेटत नाही. पहिल्या दिवशी हाताशी असते तर उपयोगी पडले असते असे सामान तिसऱ्या दिवशी आले, तर ते नुसते धक्क्यावर पडून राहते.

साधने मोजकीच आहेत. पाण्यावर तरंगणारा आणि खाली पडद्यासारखी झालर असलेला लांबलचक अडसर म्हणजे बूम. त्याने तवंग अडवायचा किंवा वळवायचा. अडवलेले तेल पाण्यावरून उचलणारे यंत्र म्हणजे स्किमर. तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात विरवणारी रसायने म्हणजे डिस्पर्संट. चौथा उपाय म्हणजे तवंग आगरोधक बूममध्ये गोळा करून जागीच जाळणे. या प्रत्येकाला मर्यादा आहे. बूमला आडवा आदळणारा प्रवाह ताशी पाऊण सागरी मैलाच्या आसपास गेला की तेल बूमखालून निसटू लागते. मुंबईसारख्या बंदरात ऐन भरती-ओहोटीला प्रवाह याहून पुष्कळ जोराचा असतो. तिथे बूम तिरका लावून तेल एखाद्या शांत कोपऱ्याकडे वळवावे लागते, आणि तो कोपरा कुठे आहे हे आधीच ठाऊक असावे लागते. इतके करूनही भर समुद्रात उचलले जाणारे तेल एकूण सांडलेल्याच्या दहा-पंधरा टक्क्यांपुढे क्वचितच जाते.

या क्षेत्रात उत्तम काम कशाला म्हणावे, हा प्रश्न यामुळेच अवघड होतो. गोळा केलेल्या तेलाचे पिंप मोजून कामाची प्रत ठरवली, तर ज्याच्याकडून जास्त सांडले तोच जास्त गोळा करणार. काळ्या पडलेल्या पक्ष्याचे छायाचित्र जगभर जाते. खडकापासून अर्ध्या मैलावर बंद पडलेले टँकर टगने वेळेत ओढून नेले, तर त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. या कामातले श्रेष्ठत्व बहुतांशी न घडलेल्या गोष्टींत असते. ते ओळखण्यासाठी मुद्दाम नजर तयार करावी लागते. ही नजर जगाला गेल्या पाच-सहा दशकांत फार महाग पडलेल्या चुकांतून मिळाली आहे.

१८ मार्च १९६७ रोजी 'टॉरी कॅन्यन' हे टँकर इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ सेव्हन स्टोन्स या खडकांवर चढले. त्यात सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल होते. इतक्या मोठ्या गळतीशी कसे लढायचे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. उरलेले तेल पेटवून देण्यासाठी लढाऊ विमानांनी जहाजावर बॉम्ब टाकले. किनाऱ्यावर आणि समुद्रात मिळून सुमारे १०,००० टन डिटर्जंट ओतले गेले. ही रसायने कारखान्यातली यंत्रे धुण्यासाठी बनवलेली, विषारी होती. प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हातातली कामे बाजूला ठेवून किनाऱ्याची पाहणी केली. जिथे डिटर्जंट पडले होते तिथे शंख-शिंपल्यांची आणि खडकांवरच्या इतर जीवांची हानी नुसते तेल लागलेल्या जागांपेक्षा कितीतरी जास्त झाली होती. पुढच्या वर्षांत असे दिसले की तेल तसेच राहू दिलेले खडक दोन-तीन वर्षांत सावरले आणि रसायनाने धुतलेल्या काही जागांना दहा वर्षांहून जास्त काळ लागला. या विषयातला पहिला मोठा धडा असा, की उत्साहाने केलेली चुकीची सफाई तेलाहून घातक ठरू शकते. केव्हा थांबावे हे कळणे हा सज्जतेचाच भाग आहे.

बावीस वर्षांनी अलास्कात हा धडा पुन्हा गिरवावा लागला. २४ मार्च १९८९ च्या मध्यरात्रीनंतर काही मिनिटांनी 'एक्सॉन व्हाल्डिझ' हे टँकर प्रिन्स विल्यम साउंडमधल्या ब्लाय रीफवर आदळले आणि सुमारे ३७,००० टन तेल बाहेर आले. आकड्याने ही जगातली सर्वांत मोठी गळती मुळीच नव्हे. 'अमोको काडिझ' या टँकरमधून १९७८ साली फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर याच्या सहापट तेल गेले होते. तरीही सज्जतेच्या इतिहासात अलास्काची घटना मध्यवर्ती ठरली, कारण तिथे कागदावर सगळे होते. तिथली तेलवाहिनी चालवणाऱ्या पाइपलाइन कंपनीच्या आराखड्यात पाच तासांत मदत पोचेल असे लिहिले होते. प्रत्यक्षात सामान वाहून नेणारी बार्ज दुरुस्तीसाठी रिकामी करून ठेवलेली होती आणि काही सामान बर्फाखाली गाडले गेले होते. पहिली मदत पोचायला चौदा तासांच्या आसपास लागले. सुरुवातीचे तीन दिवस समुद्र शांत होता. काम करण्यासारखा काळ तेवढाच होता आणि तो सामान शोधण्यात, आदेशांची वाट पाहण्यात गेला. मग वादळ आले आणि तेल शेकडो मैलांच्या किनाऱ्यावर पसरले. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी आणि २,८०० समुद्री पाणमांजरे मेली.

याच गोंधळात एक काम फार चांगले झाले आणि ते करणारे लोक कोणत्याही आराखड्यात नव्हते. या साउंडमध्ये सॅमन माशांची पैदास करणारी केंद्रे होती. वसंतात तिथून लाखो पिल्ले समुद्रात सोडायची वेळ जवळ आली होती. तेल केंद्रांच्या तोंडाशी आले असते तर पुढच्या कित्येक हंगामांची मासेमारी बुडाली असती. कॉर्डोव्हा गावचे मच्छीमार आपापल्या बोटी घेऊन निघाले. त्यांच्या या ताफ्याला पुढे 'डास ताफा' असे नाव पडले. सॉमिल बे या खाडीच्या तोंडावर त्यांनी मिळेल तो बूम एकामागे एक असा कित्येक पदरी लावला. भरतीला बूम ताणला जाई, ओहोटीला सैल पडे, आणि दर वेळी नांगर उचलून तो पुन्हा नीट करावा लागे. मधल्या पाण्यात शिरलेले तेल त्यांनी पाच गॅलनच्या प्लास्टिकच्या बादल्यांनी उपसले. पैदास केंद्रे वाचली. कुठल्या खडकामागे प्रवाह वळतो आणि वारा फिरला की तवंग कोणत्या अंगाला जाईल, हे त्या मच्छीमारांना रोजच्या धंद्यातून ठाऊक होते.

किनाऱ्याच्या सफाईत मात्र 'टॉरी कॅन्यन'ची चूक वेगळ्या रूपात झाली. खडक गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुतले गेले. तेल निघाले आणि त्यासोबत तेलातून तगलेले जीवही भाजून निघाले. अमेरिकेच्या सागरी व वातावरणीय प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी काही पट्टे मुद्दाम न धुता राखून ठेवायला लावले होते. ते पट्टे धुतलेल्या पट्ट्यांपेक्षा लवकर सावरले. लोकांचा संताप आणि कॅमेरे समोर असताना 'इथे हात लावू नका' असे सांगणे सोपे नसते. या घटनेतल्या चांगल्या कामांच्या यादीत त्या न धुतलेल्या पट्ट्यांचे स्थान बरेच वर आहे.

१८ ऑगस्ट १९९० रोजी अमेरिकेत तेल प्रदूषण कायदा झाला. एकेरी पत्र्याची टँकरे टप्प्याटप्प्याने बाद झाली, गळती करणाऱ्यावर खर्चाची जबाबदारी आली, आराखडे बंधनकारक झाले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने तेल प्रदूषणासाठी सज्जता, प्रतिसाद आणि सहकार्य यांचा करार स्वीकारला. तो १९९५ पासून लागू आहे. अमेरिकी कायद्यातली सर्वांत दूरदर्शी तरतूद मात्र तांत्रिक नाही. प्रिन्स विल्यम साउंड आणि कुक इनलेट इथे स्थानिक नागरिकांच्या सल्लागार परिषदा नेमायच्या आणि त्यांचा खर्च तेल उद्योगाने द्यायचा, असे त्या कायद्याने ठरवले. मच्छीमार, आदिवासी गावे आणि पर्यटन व्यावसायिक यांना कंपनीच्या आराखड्यावर कायद्याच्या बळावर बोट ठेवता येऊ लागले. सराव पाहायला या परिषदांची माणसे हजर राहतात आणि आपला अहवाल स्वतंत्र लिहितात. आज प्रिन्स विल्यम साउंडमध्ये भरलेल्या प्रत्येक टँकरसोबत दोन टग चालतात. सुमारे ४०० मासेमारी बोटी कराराने बांधलेल्या आहेत आणि त्यांच्या खलाशांना दरवर्षी प्रशिक्षण मिळते. १९८९ मध्ये बादल्या घेऊन निघालेले लोक आता व्यवस्थेचा कणा आहेत. अलास्कात झालेल्या सुधारणांत ही सर्वांत मोलाची, आणि इतर देशांनी सर्वांत कमी उचललेली.

इतकी बांधणी झाल्यावरही सावधपणा सैल पडू शकतो. डिसेंबर २००९ मध्ये टँकरांच्या वाटेवरचा बर्फ पाहून परतणारा, टँकरांना सोबत करणाऱ्या टगांपैकीच एक त्याच ब्लाय रीफवर चढला. यंत्रणा एकदा उभारली की कायमची उभी राहते असे नाही. तिची दर वर्षी नव्याने परीक्षा घ्यावी लागते.

अशा परीक्षेला मानाची जोड देण्याचा एक जुना आणि नीट विचार केलेला प्रयत्न अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडतो. डिसेंबर १९८८ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याजवळ 'नेस्टुका' या बार्जमधून तेल सांडले आणि ते सीमा ओलांडून कॅनडात गेले. तीनच महिन्यांनी 'एक्सॉन व्हाल्डिझ' घडले. तेलाला सरहद्द कळत नाही हे दिसल्यावर अलास्का, वॉशिंग्टन, ऑरेगन, कॅलिफोर्निया आणि ब्रिटिश कोलंबिया यांनी मिळून एक कृतिदल स्थापन केले. हवाई पुढे त्यात आले. हे कृतिदल 'लेगसी' नावाचे पुरस्कार देते. ते व्यक्तींना मिळतात, संस्थांना, कंपन्यांना आणि सार्वजनिक खात्यांनाही मिळतात. त्यामागची अट महत्त्वाची आहे. कायद्याने जे करणे भाग आहे तेवढे केल्याबद्दल शाबासकी नाही; त्यापलीकडे जाऊन गळती टाळणे, तयारी किंवा प्रतिसाद यांत खरी सुधारणा केलेली असावी लागते. अमेरिकी तटरक्षक दलाचा रिअर ॲडमिरल विल्यम बेंकर्ट यांच्या नावाचा पुरस्कारही याच धर्तीचा आहे. तो जहाजे चालवणाऱ्या कंपन्यांना आणि तेल हाताळणाऱ्या धक्क्यांना सागरी पर्यावरण रक्षणासाठी मिळतो.

या किनाऱ्यावर प्रतिबंधाची किंमत कशी मोजली जाते याचे उदाहरण म्हणजे नीआ बे इथला टग. वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला, प्रशांत महासागरातून सिएटल आणि व्हँकुव्हरकडे वळणाऱ्या वाटेच्या तोंडाशी, १९९९ पासून एक शक्तिशाली टग फक्त अडचणीतल्या जहाजांसाठी ठेवला जाऊ लागला. सुरुवातीला तो हिवाळ्यापुरता असे आणि खर्च सरकार करी. पुढे तो वर्षभर राहू लागला, आणि २०१० पासून त्याचा खर्च जहाज उद्योगावर आला. इंजिन बंद पडून किनाऱ्याकडे वाहणाऱ्या जहाजांना त्याने डझनांनी वेळा सावरले आहे. त्यातले कुठले जहाज मदतीशिवायही वाचले असते आणि कुठले फुटले असते, हे सिद्ध करता येत नाही. हिशेबनिसाच्या दृष्टीने वर्षातले बहुतेक दिवस हा टग रिकामा उभा असतो. त्या रिकाम्या दिवसांचे पैसे देत राहण्याची तयारी हीच इथली खरी कसोटी आहे.

तयारी होती म्हणून आयत्या वेळी सुचलेली युक्ती साधली, असेही घडते. २३ जून २००० रोजी दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ 'ट्रेझर' हे लोहखनिजाचे जहाज बुडाले आणि त्याचे जड इंधन रॉबेन व डॅसन या बेटांना लागले. ही दोन्ही आफ्रिकन पेंग्विनांची मोठी वसतिस्थाने, आणि तो विणीचा हंगाम होता. सुमारे १९,००० पेंग्विन तेलाने माखले. केपटाउनची समुद्रपक्षी बचाव संस्था तेव्हा तीस वर्षांहून जुनी होती. पक्षी कसा धरायचा, कसा धुवायचा, पिसांतला जलरोधकपणा परत येईपर्यंत किती दिवस सांभाळायचा, हे तिच्या अंगवळणी पडलेले होते. जगभरातून जाणकार आले, हजारो स्वयंसेवक आले. एक पेंग्विन धुणे सोपे नसते. तो चोचीने हात फाडतो. दोघांनी धरून ब्रशने आधी अंग, मग डोके, मग डोळ्यांच्या कडा अशा क्रमाने तेल काढावे लागते, आणि त्यानंतर त्याला कित्येक दिवस हाताने मासे भरवावे लागतात.

पण या मोहिमेतला सर्वांत शहाणा निर्णय न माखलेल्या पक्ष्यांबद्दलचा होता. जवळपास १९,५०० स्वच्छ पेंग्विन बेटांवर होते आणि ते उद्या तेलात उतरणार हे उघड होते. ते सगळे पकडून ट्रकांतून पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ नेले आणि समुद्रात सोडले. पेंग्विन घराकडे पोहत परततात हे शास्त्रज्ञांना माहीत होते. परतीचा शेकडो किलोमीटरचा प्रवास दोन-तीन आठवडे घेणार होता, आणि तेवढ्यात बेटांभोवतीचे पाणी साफ करायचे होते. तिघांच्या पाठीवर उपग्रह यंत्रे बसवली होती. पीटर, पामेला आणि पर्सी नावाचे ते पेंग्विन कुठपर्यंत पोचले, हे लोक रोज पाहत होते. पेंग्विन परतले तेव्हा पाणी बऱ्यापैकी स्वच्छ झाले होते. माखलेल्यांपैकीही नव्वद टक्क्यांहून जास्त पक्षी बरे होऊन समुद्रात गेले. वन्यजीव बचावात याच्या तोडीचे काम क्वचितच झाले आहे.

याच्या अगदी उलट टोकाला २० एप्रिल २०१० ची 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खणणाऱ्या तरंगत्या फलाटाची दुर्घटना आहे. मेक्सिकोच्या आखातात अकरा कामगार मेले आणि ८७ दिवस समुद्रतळातल्या विहिरीतून तेल वाहत राहिले. सरकारी अंदाजाने ४९ लाख बॅरल. तेल कंपनीच्या मंजूर आराखड्यात आखातातल्या संवेदनशील प्राण्यांच्या यादीत वॉलरसचे नाव होते. वॉलरस उत्तर ध्रुवाकडचा प्राणी आहे. कासवांचे तज्ज्ञ म्हणून ज्यांचे नाव होते ते २००५ मध्येच वारले होते. आराखडा दुसरीकडून उतरवलेला होता, आणि तो मंजूर करणाऱ्यानेही वाचला नसावा. सरकारच्या ताळेबंदाप्रमाणे स्किमरांनी उचललेले तेल एकूण तेलाच्या तीन टक्के भरले आणि पाच टक्के जाळले गेले. १९८९ नंतरच्या एकवीस वर्षांत स्किमर फारसे बदललेच नव्हते, कारण दोन मोठ्या गळत्यांच्या मधल्या काळात त्यांना गिऱ्हाईक नसते.

इथे पुरस्काराने वेगळे काम केले. दानशूर वेंडी श्मिट यांनी दिलेल्या १४ लाख डॉलरच्या निधीतून एक्स प्राइझ प्रतिष्ठानने तेल उचलणाऱ्या यंत्रांची स्पर्धा जाहीर केली. साडेतीनशेहून अधिक प्रवेशिका आल्या आणि त्यांतून दहा संघ निवडले गेले. २०११ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या ओमसेट केंद्रात त्यांची चाचणी झाली. तिथे २०३ मीटर लांब आणि २० मीटर रुंद असा खाऱ्या पाण्याचा हौद आहे. त्यावरून सरकणारा पूल यंत्र ओढत नेतो, पुढ्यात खरे तेल सोडले जाते, आणि लाटाही यंत्राने उठवता येतात. उचललेल्या द्रवात तेल किती आणि पाणी किती, हे मोजले जाते. अट अशी होती की यंत्राने मिनिटाला किमान २,५०० गॅलन तेल उचलावे आणि उचललेल्या द्रवात किमान ७० टक्के तेलच असावे. त्याआधीची उद्योगातली चांगली कामगिरी मिनिटाला ११०० गॅलनांच्या आसपास होती. इलिनॉय राज्यातल्या इलास्टेक कंपनीच्या खाचा पाडलेल्या फिरत्या चकत्यांनी मिनिटाला ४,६७० गॅलन, म्हणजे साडेसतरा हजार लिटरांहून जास्त, तेल ८९.५ टक्के शुद्धतेने उचलले आणि दहा लाख डॉलर जिंकले. नॉर्वेची नोफी कंपनी २,७१२ गॅलन उचलून दुसरी आली. तिसरे बक्षीस दिलेच नाही, कारण तिसरे कोणी अटीला उतरले नाही. परीक्षकांनी उंबरठा खाली आणला नाही, ही या स्पर्धेतली सर्वांत अनुकरणीय गोष्ट. हौद म्हणजे समुद्र नव्हे, हे खरेच. पण खऱ्या तेलावर घेतलेली मोजणी नुसत्या शब्दांपेक्षा कधीही बरी. नॉर्वेत तर परवानगीने खुल्या समुद्रात खरे तेल सोडून दरवर्षी साधने तपासण्याची पद्धत आहे.

या सगळ्याचा एकत्रित परिणाम आकड्यांत दिसतो. टँकरमालकांच्या आंतरराष्ट्रीय प्रदूषण महासंघाच्या नोंदींनुसार १९७० च्या दशकात ७०० टनांहून मोठ्या गळत्या वर्षाला सरासरी चोवीस-पंचवीस होत. २०१० च्या दशकात ही सरासरी दोनच्याही खाली आली, आणि तीही समुद्रातून होणारी तेलाची वाहतूक वाढलेली असताना. यात मोठा वाटा दुहेरी पत्र्याचा, दिशादर्शक यंत्रांचा आणि कडक तपासणीचा आहे, स्किमरांचा कमी.

भारतात या कामाची जबाबदारी १९८६ पासून तटरक्षक दलाकडे आहे. १९९६ मध्ये राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखडा झाला. ७०० टनांपर्यंतच्या गळतीला बंदरांनी आणि तेल हाताळणाऱ्या कंपन्यांनी आपल्या बळावर तोंड द्यावे, त्यापुढे तटरक्षक दल आणि राष्ट्रीय साधने, आणि १०,००० टनांपुढे परदेशी मदत, अशी त्याची मांडणी आहे. महाराष्ट्राला याची खरी जाणीव ७ ऑगस्ट २०१० रोजी झाली. मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलीजिया' ही जहाजे एकमेकांवर आदळली. न्हावाशेव्याहून निघालेले 'चित्रा' कलंडले, कंटेनर समुद्रात पडले, त्यांतल्या काहींत कीटकनाशके होती, आणि सुमारे ८०० टन इंधन सांडले. वाहतूक काही दिवस बंद पडली. तेल उरण, अलिबाग, घारापुरीकडच्या किनाऱ्यांना आणि कांदळवनांना लागले. कांदळवनाच्या श्वासमुळांवर बसलेले तेल काढायला यंत्र चालत नाही, आणि चिखलात माणसे उतरवली तर तेल आणखी खोल जाते. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली असताना मासळी बाजार ओस पडला. या घटनेनंतर मुंबई आणि जवाहरलाल नेहरू या बंदरांनी तेल कंपन्यांबरोबर खर्च वाटून घेऊन पहिल्या पातळीची सामाईक सज्जता उभी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'समुद्र प्रहरी' हे खास प्रदूषण नियंत्रणाचे जहाज मुंबईत दाखल झाले.

जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली. बंदराकडून सुरुवातीला प्रदूषण झालेच नाही असे सांगितले गेले, आणि पहिले मोलाचे तास गेले. किनाऱ्यावर जमलेला जाड लगदा शहरातल्या गटारे उपसणाऱ्या यंत्रांना ओढवेना. शेवटी मच्छीमार, विद्यार्थी आणि तटरक्षक दलाचे जवान ओळीने उभे राहिले आणि बादल्यांनी तेल उपसू लागले. अलास्कातल्या बादल्यांना तेव्हा अठ्ठावीस वर्षे होत आली होती. त्या लोकांच्या कष्टाचे मोल कमी नाही, पण असे कष्ट करावे लागणे हे सज्जतेचे अपयशच होते.

याच देशाच्या तटरक्षक दलाने तीन वर्षांनी जे केले ते जागतिक तोडीचे होते, आणि त्याची चर्चा एन्नोरच्या तुलनेत फारच थोडी झाली. ३ सप्टेंबर २०२० रोजी श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यापासून काही अंतरावर 'न्यू डायमंड' या महाकाय टँकरच्या इंजिनखोलीत स्फोट होऊन आग लागली. कुवेतहून पारादीपला निघालेल्या या जहाजात सुमारे २,७०,००० टन कच्चे तेल होते, 'एक्सॉन व्हाल्डिझ'मधून सांडले त्याच्या सातपट. एक खलाशी मरण पावला, बाकीच्यांना वाचवण्यात आले. श्रीलंकेच्या नौदलासोबत भारतीय तटरक्षक दलाची जहाजे, नौदल आणि टग यांनी दिवसरात्र फेस आणि पाण्याचा मारा केला. आग आटोक्यात आली, पुन्हा भडकली, पुन्हा विझवली गेली. मालाच्या टाक्यांपर्यंत ती पोचू दिली नाही. इंजिनखोलीतल्या इंधनाचा तवंग दिसला. कच्चे तेल मात्र जहाजातच राहिले. आग हाताबाहेर गेली असती तर श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याची मासेमारी किती वर्षांसाठी गेली असती, याचा हिशेब करायची वेळ आली नाही.

अशा कामाची रीतसर दखल घेतली गेल्याचे एक अलीकडचे उदाहरण आहे. २६ जानेवारी २०२४ रोजी एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या टँकरवर क्षेपणास्त्र आदळले. जहाजात ८४,१४७ टन नॅफ्था होता. तो झपाट्याने पेटणारा. कॅप्टन अविलाश रावत आणि त्यांचे बहुतांशी भारतीय खलाशी जहाज न सोडता रात्रभर लढले; भारतीय नौदलाच्या 'आयएनएस विशाखापट्टणम'वरचे अग्निशमन पथक मदतीला चढले. दुसऱ्या दिवशी आग विझली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२४ चा असामान्य शौर्याचा पुरस्कार रावत आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिला आणि युद्धनौकेच्या कॅप्टन ब्रिजेश नंबियार व त्यांच्या पथकाला प्रशस्तिपत्र दिले. पुरस्कार शौर्याचा असला, तरी त्या शौर्याने एक मोठी सागरी आपत्तीही टळली.

शौर्य आणीबाणीत दिसते. तयारी सरावात दिसते. तटरक्षक दलाचा राष्ट्रीय प्रदूषण प्रतिसाद सराव साधारणपणे दोन वर्षांतून एकदा होतो. २०२२ मध्ये तो गोव्यात, २०२३ मध्ये वाडिनारला झाला. त्याच गोव्यात, गोवा शिपयार्डमध्ये, प्रदूषण नियंत्रणाच्या 'समुद्र प्रताप' या जहाजाचे २०२४ मध्ये जलावतरण झाले. पण सरावांतही फरक असतो. तारीख आधी जाहीर करून, पाहुण्यांसमोर केलेल्या सरावात समन्वयाची तालीम होते आणि तिची गरज आहेच. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांत मात्र न सांगता सरावाचा हुकूम येतो. गोदामाचे कुलूप किती मिनिटांत उघडले, बूम किती वेळात पाण्यात पडला, बोट चालवणारा माणूस कामावर होता का, अशा साध्या गोष्टी त्यात लिहून घेतल्या जातात. बंदराच्या सज्जतेला मान द्यायचा असेल तर हीच नोंदवही पुरावा म्हणून धरायला हवी. कोकणातल्या नाखवा-तांडेलांना बूम लावण्याचे प्रशिक्षण मिळाले, तर त्या नोंदवहीतले आकडे बदलतील. आपल्या खाडीत ओहोटीला पाणी कुठून खेचले जाते हे त्यांना कोणी शिकवावे लागणार नाही.

मोठ्या गळत्यांपलीकडे एक रोजची गळती आहे, आणि तिला प्रतिसाद देणारे पथक नसते. पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळ्यात गोव्याच्या आणि कोकणाच्या पुळणीवर डांबराचे काळे गोळे येऊन पडतात, पायांना चिकटतात, जाळी खराब करतात. दूर समुद्रात सांडलेले किंवा टाक्या धुऊन सोडून दिलेले तेल झिजून, घट्ट होऊन ते बनतात. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ या गोळ्यांची रासायनिक ओळख पटवून ती तेलविहिरींतल्या आणि जहाजांतल्या तेलाशी ताडून पाहतात. जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार इंजिनखोलीतले पाणी समुद्रात सोडताना त्यात तेल दशलक्षात १५ भागांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि जहाजावरचा असा प्रत्येक व्यवहार तेल नोंदवहीत उतरवून अधिकाऱ्याने सही करायची असते. ती वही खरी ठेवणारा इंजिनिअर आणि ती बंदरात बारकाईने तपासणारा निरीक्षक हेही तेलगळती रोखणारेच लोक आहेत. पुरस्कारांच्या यादीत अशी नावे सहसा येत नाहीत. बेंकर्ट पुरस्कारासारख्या योजनांत जहाजाची रोजची शिस्त तपासली जाते, तिथे ती यायला जागा आहे.